खाजगी वैद्यकीय विद्यापीठे कशी उभी राहिली आणि कशी वाढली

निफाड तालुक्यातील एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आपल्या नातीसाठी विचारले आहे : ‘नात यंदा नीटला बसणार आहे. आडगावच्या आणि घोटीजवळच्या मेडिकल कॉलेजांच्या पदवीवर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे नाव असते. मग लोणी, कराड, सावंगी येथील कॉलेजे स्वतःच विद्यापीठ कशी झाली? ही खाजगी वैद्यकीय विद्यापीठे आली कुठून, वाढली कशी आणि त्यांची पदवी कमी मानायची की जास्त?’

सप्रेम नमस्कार.

पदवीच्या किमतीविषयीची शंका आधी दूर करतो, कारण घरोघरी पालकांची झोप तीच उडवते. एमबीबीएसची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असो वा एखाद्या अभिमत विद्यापीठाची, म्हणजे केंद्राकडून विद्यापीठाचा दर्जा मिळवून स्वतःच पदवी देणाऱ्या संस्थेची, राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाची मान्यता असेल तर कायद्याच्या दृष्टीने दोन्हींत तसूभरही फरक नाही. प्रवेशपरीक्षा एकच, अभ्यासक्रमाचा आराखडा एकच आणि पदवीनंतरची नोंदणीही महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये एकाच रजिस्टरात होते. फरक आहे तो संस्थेच्या घडणीत, फीमध्ये, प्रवेशाच्या वाटेत आणि परीक्षा कोण घेतो यात. हा फरक कळायचा तर थोडे मागे जावे लागेल. मी खाजगी संस्थांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत जनवैद्यक शास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) शिकवण्यात उमेदीची सारी वर्षे घालवली आहेत आणि संलग्न (दुसऱ्या विद्यापीठाची पदवी देणाऱ्या) तसेच अभिमत अशा दोन्ही प्रकारच्या संस्थांत परीक्षक म्हणून गेलो आहे. त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे : संस्थेत रुग्णालय, महाविद्यालय आणि विद्यापीठ या तीन गोष्टी कोणत्या क्रमाने आल्या आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ दिला गेला, यावर त्या संस्थेचा पुढचा बराचसा इतिहास ठरतो.

स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे डॉक्टर घडवण्याचे काम मुख्यतः सरकार, महापालिका आणि मिशनरी यांच्याकडे होते. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे, सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय १९२६ चे, तर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय शाळेचे पूर्ण महाविद्यालय झाले ते १९४६ मध्ये. दक्षिणेत वेल्लोरला आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये एका खाटेच्या दवाखान्यापासून सुरुवात केली, १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली आणि १९४७ पासून तेथे मुलांनाही प्रवेश मिळू लागला. विद्यार्थ्यांच्या फीवर आणि खाजगी भांडवलावर चालणारे वैद्यकीय महाविद्यालय ही कल्पना मात्र प्रत्यक्षात आणली ती डॉ. टी. एम. ए. पै यांनी, १९५३ मध्ये, उडुपीजवळच्या मणिपालच्या ओसाड टेकडीवर.

मणिपालचा विचार करताना दोन गोष्टी नजरेआड होऊ देऊ नयेत. पै कुटुंबाने १९२५ मध्ये उडुपीत जी बँक काढली तिचीच पुढे सिंडिकेट बँक झाली, आणि १९२८ पासून तिचे प्रतिनिधी घरोघर फिरून रोजची किरकोळ बचत गोळा करू लागले, ती पिग्मी योजना आपल्याही माणसांना ठाऊक आहे. म्हणजे महाविद्यालय काढण्याआधीच त्या भागात लोकांचा पैसा एकत्र करण्याची आणि तो विश्वासाने हाताळण्याची यंत्रणा उभी होती. दुसरी गोष्ट अशी की, सुरुवातीला मणिपालला शिकवण्याजोगे मोठे रुग्णालय नव्हते. विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ उभे राहून शिकण्यासाठी मंगळूरला पाठवावे लागे, तेथील वेनलॉक या सरकारी रुग्णालयात. मणिपालचे स्वतःचे कस्तुरबा रुग्णालय १९६१ मध्ये उभे राहिले. अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला १९९३ मध्ये. महाविद्यालय सुरू झाल्यापासून स्वतःची पदवी देईपर्यंत चाळीस वर्षे गेली, आणि त्या चाळीस वर्षांत दंतवैद्यक, औषधनिर्माण आणि अभियांत्रिकीची महाविद्यालये तिथे उभी राहिली होती. विद्यापीठ हे नाव मिळाले तेव्हा विद्यापीठाला लागणारे बहुतेक सगळे आधीच जागेवर होते.

महाराष्ट्रात ही लाट तीस वर्षांनी आली. ऐंशीच्या दशकापर्यंत आपल्याकडील गुणी पण सरकारी जागा थोडक्यात हुकलेली मुले कर्नाटकात जात आणि त्यांच्याबरोबर देणगीचा पैसाही जाई. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ च्या सुमारास, विनाअनुदानित तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालये काढण्यास सरकारने परवानगी दिली. अभियांत्रिकीची चर्चा जास्त झाली, परंतु त्याच धोरणातून १९८४ मध्ये लोणी आणि कराड येथील वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. ही दोन्ही ठिकाणे नकाशावर पाहावीत. एक प्रवरेच्या काठचा ऊसपट्टा, दुसरा कृष्णेच्या काठचा. मणिपालला जे काम बँकेने केले ते आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यांच्या परिसराने केले : जमीन, संचालक मंडळाचा व्यवस्थापनाचा अनुभव, सभासदांचे जाळे आणि राजकीय वजन हे सगळे तेथे तयार होते.

लोणी आपल्याला जवळचे आहे. नाशिकहून सिन्नर, संगमनेर करत दोन-अडीच तासांत पोचता येते, आणि सिन्नर-संगमनेर पट्ट्यातले असंख्य रुग्ण आजही तिकडे जातात. म्हणून त्याच उदाहरणावर थोडे थांबतो. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. त्यानंतर दोन दशकांनी, १९७२ मध्ये, प्रवरा मेडिकल ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टचे पहिले काम रुग्णालयाचे होते. ज्या भागात अवघड बाळंतपणासाठी नगर किंवा नाशिक गाठावे लागे, तेथे शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असणे हीच तेव्हाची गरज होती. रुग्णालयाला लोकांनी आपले मानल्यावर १९८४ मध्ये रुरल मेडिकल कॉलेज आले, पाठोपाठ दंतवैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार, आणि सप्टेंबर २००३ मध्ये या सर्वांचे मिळून प्रवरा इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस हे अभिमत विद्यापीठ झाले. कारखाना, रुग्णालय, महाविद्यालय, विद्यापीठ : हा क्रम पन्नासहून अधिक वर्षांचा आहे. कराडच्या कृष्णा संस्थेची वाट जवळजवळ अशीच. तेथे १९८४ चे महाविद्यालय २००५ मध्ये अभिमत विद्यापीठ झाले.

१९८९ आणि १९९० ही दोन वर्षे महाराष्ट्राच्या वैद्यकीय शिक्षणात विलक्षण गर्दीची ठरली. पुण्यात भारती विद्यापीठाचे, कोल्हापूर व नवी मुंबई येथे डी. वाय. पाटील समूहाचे, कामोठ्याला एमजीएमचे, सावंगीला जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज, लातूर, धुळे, आणि आपल्या नाशिकला आडगाव येथे मराठा विद्या प्रसारक समाजाचे महाविद्यालय, ही सारी त्याच काळातली. मविप्रची पार्श्वभूमी आपल्याला मी सांगायची गरज नाही. १९१४ पासून, उदोजी मराठा बोर्डिंगच्या काळापासून, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी झटलेली ही संस्था. तिने १९९० मध्ये डॉ. वसंतराव पवार यांच्या पुढाकाराने वैद्यकीय शिक्षणात पाऊल टाकले. पुढे इगतपुरी तालुक्यात घोटीजवळ धामणगावला एसएमबीटीचे महाविद्यालय आले, आणि त्याच्या नावातील सहकारमहर्षी भाऊसाहेब थोरात म्हणजे संगमनेरच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्वर्यू. सहकाराचा धागा इथेही तुटलेला नाही.

या सर्व महाविद्यालयांच्या पदव्या त्या काळी त्या-त्या भागातील पारंपरिक विद्यापीठे देत. आडगाव आणि लोणी पुणे विद्यापीठाकडे, कराड शिवाजी विद्यापीठाकडे, सावंगी नागपूरकडे. कला आणि वाणिज्य शाखांच्या लाखो उत्तरपत्रिकांच्या ओझ्याखाली दबलेल्या विद्यापीठांना शरीररचनेच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या तारखा सांभाळणे किती जड जाई, हे त्या काळातील प्रत्येक वैद्यकीय शिक्षकाने अनुभवले आहे. म्हणून राज्यातील सर्व आरोग्यशाखांसाठी एकच विद्यापीठ असावे, हा विचार पुढे आला आणि १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला स्थापन झाले. आज म्हसरूळला दिंडोरी रस्त्यावर जे संकुल दिसते, तेथून ॲलोपॅथी, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या अशा सर्व शाखांच्या राज्यभरातील महाविद्यालयांचा कारभार चालतो. हे राज्य सरकारच्या कायद्याने झालेले विद्यापीठ आहे, खाजगी नव्हे. पण खाजगी वैद्यकीय विद्यापीठांच्या वाढीची गोष्ट त्याला वगळून सांगता येत नाही, कारण त्यांतील बऱ्याच संस्था याच विद्यापीठातून बाहेर पडल्या.

बाहेर पडण्याचा मार्ग १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम ३ मध्ये होता. उच्च दर्जाचे विशेष काम करणाऱ्या संस्थेला, आयोगाच्या शिफारशीवरून, केंद्र सरकार विद्यापीठासमान दर्जा देऊ शकते. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला हा दर्जा १९५८ मध्ये मिळाला. हे कलम प्रौढ, संशोधनात मुरलेल्या संस्थांसाठी होते. भारती विद्यापीठाला तो १९९६ मध्ये मिळाला, आणि २००२ ते २००६ या चार-पाच वर्षांत नवी मुंबई, पिंपरी, लोणी, कराड, सावंगी, कोल्हापूर, कामोठे अशी रांगच लागली. वर्षे पाहिली की प्रश्न पडतो : याच काळात का?

उत्तराचा मोठा भाग न्यायालयांत आहे. १९९२ च्या मोहिनी जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देणगी घेऊन प्रवेश देणे बेकायदा ठरवले. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने खाजगी महाविद्यालयांतील निम्म्या जागा सरकारी फीच्या आणि निम्म्या जास्त फीच्या, अशी विभागणी केली. ती ऑक्टोबर २००२ मध्ये टी. एम. ए. पै फाउंडेशन प्रकरणात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने मोडीत काढली. खाजगी विनाअनुदानित संस्थांना फी ठरवण्याचे स्वातंत्र्य आहे, मात्र नफेखोरी आणि कॅपिटेशन (प्रवेशासाठी घेतलेली देणगी) चालणार नाही, असे म्हटले. लगेच २००३ मध्ये इस्लामिक अकॅडमीच्या निकालाने प्रत्येक राज्यात निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली प्रवेश आणि फी यांवर देखरेख करणाऱ्या समित्या नेमल्या गेल्या, आणि २००५ मध्ये इनामदार निकालाने, जो खटला आपल्याच राज्यातून गेला होता, पुन्हा सगळ्याची फेरमांडणी केली. बारा-तेरा वर्षांत खेळाचे नियम चार वेळा बदलले. अशा वेळी राज्याच्या शुल्क समितीच्या आणि सामायिक प्रवेशाच्या कक्षेबाहेर नेणारा केंद्राचा दर्जा संस्थाचालकांना हवाहवासा वाटला, यात नवल नाही. शैक्षणिक स्वायत्ततेची ओढ खरी होती, आणि राज्याच्या नियंत्रणातून सुटण्याची इच्छाही तितकीच खरी होती. या दोहोंपैकी एकच कारण सांगणारा अर्धे सत्य सांगतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वाढीकडे वळतो, कारण विद्यापीठ ‘मोठे होते’ म्हणजे आतून नेमके काय होते, हे बाहेरून दिसत नाही. वैद्यकीय संस्थेचे चलन म्हणजे भरलेली खाट. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार एमबीबीएसच्या १०० जागांसाठी ४२०, १५० जागांसाठी ६०५ आणि २५० जागांसाठी ९०० खाटा असाव्या लागतात आणि त्या वर्षभरात सरासरी ८० टक्के भरलेल्या असाव्या लागतात. पदव्युत्तर जागा मिळतात त्या युनिटवर : युनिटमध्ये ठरावीक खाटा, एक प्राध्यापक, एक सहयोगी प्राध्यापक, एक सहायक प्राध्यापक, निवासी डॉक्टर. पदव्युत्तर विद्यार्थी आले की रात्री वॉर्डात हातांची संख्या वाढते, अतिदक्षता विभाग चोवीस तास चालवता येतो, गुंतागुंतीचे रुग्ण ठेवून घेता येतात, त्यामुळे रुग्ण वाढतात, त्यामुळे युनिटे वाढतात. हे चक्र एकदा फिरू लागले की संस्था आपसूक मोठी होते. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन या विभागांत शिक्षक आणि प्रयोगशाळा आहेतच, तर त्यांच्या आधारे परिचर्या, भौतिकोपचार, दंतवैद्यक, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, ऑप्टोमेट्री हे अभ्यासक्रम तुलनेने कमी खर्चात उभे राहतात. अभिमत दर्जा मिळाल्यावर हे अभ्यासक्रम सुरू करताना दरवेळी बाहेरच्या विद्यापीठाची संलग्नता मागावी लागत नाही, आणि दर्जाचा शैक्षणिक लाभ मुख्यतः इथेच आहे. एमबीबीएसमध्ये स्वायत्ततेला फारसा वाव नाही, कारण काय, किती तास आणि कोणत्या वर्षी शिकवायचे हे आयोगच ठरवतो. २०१९ पासूनचा क्षमताधारित अभ्यासक्रम आडगावला जो आहे, तोच लोणीला आहे.

चक्र उलटेही फिरते, आणि हे मी जड मनाने लिहितो. ज्या संस्थेत आधी इमारत, मग परवानगी आणि शेवटी रुग्ण असा क्रम असतो, तेथे खाटा भराव्या लागतात, त्या आपोआप भरत नाहीत. आसपासच्या गावांतून बस भरून माणसे आणली जातात आणि किरकोळ तक्रारींवर त्यांना दाखल करून घेतले जाते. तपासणीला आलेला अनुभवी माणूस खाटांवरची डोकी मोजत बसत नाही, तो केसपेपर उघडतो. सात दिवस राहिलेल्या खऱ्या रुग्णाची फाइल जाड असते. तिच्यात तीन पाळ्यांच्या सिस्टरांची तीन हस्ताक्षरे असतात, तापाचा आलेख खालीवर होत गेलेला असतो, मध्यरात्री सलाइन बदलल्याची नोंद वेगळ्या शाईत असते, रक्ताच्या तपासणीचा कागद मागाहून टाचलेला असतो, कुठेतरी औषधाचा डाग असतो, आणि निवासी डॉक्टरच्या टिपणावर वरिष्ठांनी केलेली खाडाखोड असते. नुसत्या भरतीच्या रुग्णाची फाइल पातळ, स्वच्छ आणि एकाच बसणीत, एकाच पेनाने लिहिलेली असते. तापमान सातही दिवस ९८.४. अशा एका संस्थेत, तिचे नाव मी घेणार नाही, प्रसूती विभागाचे रजिस्टर मागितले असता ते यायलाच बराच वेळ लागला. आले तेव्हा पानेच्या पाने एका सुबक अक्षरात होती आणि रात्री दोन ते पाच या वेळेत महिनाभरात एकही बाळंतपण नोंदलेले नव्हते. बाळंतपणे घड्याळ पाहून होत नाहीत. त्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या इंटर्न मुलांचे चेहरे पाहून मला फार वाईट वाटले, कारण हातात बाळ न घेताच ती मुले डॉक्टर होणार होती.

नियमनाचा इतिहास हा बराचसा या रोगावरच्या उपचारांचा इतिहास आहे. १९९२ चा अध्यादेश आणि १९९३ ची दुरुस्ती यांनी केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय नवे महाविद्यालय काढणे बंद केले. त्यासाठी तेव्हा देशभरच्या वैद्यकीय शिक्षणाचे नियमन करणाऱ्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या १९५६ च्या कायद्यात कलम १०अ आले. १९९९ च्या नियमावलीने १०० जागांच्या महाविद्यालयासाठी २५ एकर जमिनीपासून ग्रंथालयातल्या आसनांपर्यंत सगळे मोजून ठेवले. मोजमाप कडक झाले तसे मोजणाऱ्याचे महत्त्व वाढले, आणि २०१० मध्ये मेडिकल कौन्सिलच्या अध्यक्षांना लाचेच्या आरोपावरून अटक झाल्यानंतर कौन्सिलच बरखास्त करावी लागली. सप्टेंबर २०२० पासून राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग काम पाहतो आणि शिक्षकांची हजेरी आधारशी जोडलेली आहे. अभिमत विद्यापीठांचीही झाडाझडती झाली : २००९ मध्ये टंडन समितीने देशातील ४४ अभिमत विद्यापीठे त्या दर्जाला पात्र नाहीत, असे मत दिले आणि ते प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षे चालले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर या संस्थांना नावापुढे नुसते ‘विद्यापीठ’ लावणे बंद करावे लागले. पालकांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल मात्र नीटचा. २०१६ पासून अभिमत विद्यापीठांच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षा संपल्या, आणि त्यानंतर त्यांचे प्रवेश केंद्रीय समुपदेशनातून, गुणवत्ता यादीनुसार होऊ लागले. फी किती, हा वाद शिल्लक राहिला. ‘ओळख कुणाची’ हा प्रश्न बऱ्याच अंशी मिटला. या एका गोष्टीसाठी मी नीटचा, तिच्या सगळ्या त्रुटींसह, समर्थक आहे.

परीक्षेविषयी आपण विचारलेले नाही, तरीही सांगणे भाग आहे. आरोग्य विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत लेखी पेपर नाशिकहून एकच निघतो. मुंबईच्या सरकारी कॉलेजचा आणि धुळ्याच्या खाजगी कॉलेजचा विद्यार्थी त्याच दिवशी तोच पेपर सोडवतो, आणि उत्तरपत्रिका त्याच्या शिक्षकांच्या हाती जात नाही. अभिमत विद्यापीठात शिकवणारा, पेपर काढणारा आणि निकाल लावणारा यांचा मालक एकच असतो. प्रात्यक्षिकाला निम्मे परीक्षक बाहेरचे असतात, हे खरे. परंतु ते कोण, हे विद्यापीठच ठरवते. ज्या अभिमत विद्यापीठात मी बाहेरचा परीक्षक म्हणून विद्यार्थी नापास केला आणि कुणी शब्दानेही विचारले नाही, त्या संस्थेविषयी माझा आदर कायम आहे. तसा अनुभव मला एकाहून अधिक ठिकाणी आला, हेही नमूद करतो.

तरीही मोठे होण्यासाठी विद्यापीठच व्हावे लागते, ही समजूत वर्ध्याला जाऊन तपासावी. तेथे सेवाग्राम आणि सावंगी ही दोन महाविद्यालये एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू केले. तेथे गावकऱ्यांकडून सुगीच्या वेळी ज्वारी घेऊन तिच्या बदल्यात वर्षभराचे आरोग्य संरक्षण देण्याची योजना चालली, आणि जनवैद्यकाच्या आम्हा शिक्षकांसाठी ती आजही अभ्यासाचा विषय आहे. ही संस्था देशभर नावाजली गेली, पण ती नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्नच राहिली. वेल्लोरही संलग्नच आहे. सावंगीने दुसरी वाट धरली : १९९० चे वैद्यकीय, त्याच्याभोवती दंत, आयुर्वेद, परिचर्या, आणि २००५ मध्ये अभिमत विद्यापीठ, आता तर आरोग्याबाहेरच्या शाखांपर्यंत विस्तार. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून येणारी गर्दी ज्याने पाहिली आहे, तो त्या विस्ताराला पोकळ म्हणणार नाही. दोन्ही संस्थांना रुग्णांनी उभे केले. एकीला विद्यापीठ व्हावेसे वाटले, दुसरीला वाटले नाही.

नाशिकला असे खाजगी वैद्यकीय विद्यापीठ अजून नाही, याची खंत काही मंडळी बोलून दाखवतात. मला ती तितकीशी पटत नाही. आडगावच्या रुग्णालयात पेठ, सुरगाण्यापासून रुग्ण येतात, धामणगावच्या रुग्णालयाने इगतपुरी-अकोले तालुक्यांच्या आदिवासी पट्ट्याला हृदयशस्त्रक्रियेपर्यंतच्या सोयी जवळ आणल्या, आणि अलीकडे आरोग्य विद्यापीठानेही जिल्हा रुग्णालयाशी जोडून पदव्युत्तर शिक्षण सुरू केले आहे. जिल्ह्याची गरज खाटांची, निवासी डॉक्टरांची आणि शिक्षकांची आहे. पदवीवर कुणाचा शिक्का आहे, याने सुरगाण्याहून रात्री निघालेल्या बाळंतिणीला फरक पडत नाही.

आता आपल्या नातीपुरते. खाजगी संलग्न महाविद्यालयाची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण २०१५ च्या कायद्यानुसार मंजूर करते. अभिमत विद्यापीठ या प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाही, आणि तेथे एमबीबीएसची फी अनेक ठिकाणी वर्षाला २० लाखांच्या वर आहे. संलग्न महाविद्यालयातील बहुतेक जागा राज्याच्या प्रवेशफेरीतून भरतात आणि महाराष्ट्राच्या रहिवासाचा लाभ तेथेच मिळतो. अभिमत विद्यापीठाच्या जागांसाठी तिला देशभरातील मुलांशी स्पर्धा करावी लागेल. राज्य सरकारच्या फी-सवलतीच्या योजना, त्यांत ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी मुलींसाठी जुलै २०२४ मध्ये शासननिर्णयाने जाहीर झालेली संपूर्ण शिक्षणशुल्क माफीही आली, खाजगी अभिमत विद्यापीठांना लागू नाहीत. आपले कुटुंब त्या मर्यादेत बसत असेल, तर हा एकच मुद्दा बाकीच्या सर्व तुलनेपेक्षा वजनदार ठरू शकतो. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असल्यास जातीचे व नॉन-क्रीमीलेयरचे प्रमाणपत्र निकालाची वाट न पाहता आताच काढून ठेवावे.

नोंदण्या दोन कराव्या लागतात : राज्याच्या सीईटी कक्षाकडे आणि केंद्रीय वैद्यकीय समुपदेशन समितीकडे. दोन्हींच्या तारखा आणि अनामत रकमा वेगवेगळ्या असतात, आणि अभिमत जागेसाठीची अनामत मोठी असते. शेवटच्या फेऱ्यांत जागा मिळूनही रुजू झाले नाही तर ती जप्त होऊ शकते, म्हणून घेणारच नाही अशी संस्था पसंतीक्रमात भरू नये. आणि भरण्याआधी ती दोन-तीन रुग्णालये नातीला घेऊन स्वतः पाहून यावीत, सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास. प्राचार्यांच्या कार्यालयात आधी जाऊ नये. केसपेपरच्या खिडकीपाशी उभे राहावे, रांगेतल्या दोघा-चौघांना कुठल्या गावाहून आलात आणि आधी कधी आला होतात, एवढेच विचारावे; मग मेडिसिनच्या ओपीडीत डोकावून तिसऱ्या वर्षाची मुले रुग्णाच्या पोटावर स्वतः हात ठेवून तपासत आहेत की भिंतीला टेकून उभी आहेत, ते पाहावे. जेवणाच्या सुट्टीत इंटर्न मुलींशी नातीला एकटीला बोलू द्यावे. वसतिगृह, रात्रीची ड्यूटी, विद्यावेतन वेळेवर मिळते का आणि आतापर्यंत किती बाळंतपणे स्वतःच्या हाताने केली, हे त्या तिला मोकळेपणाने सांगतील.